नाटकांचा डेटा ट्रीमध्ये ठेवू की आणखी कशात?

प्रश्न:
मी समाजशास्त्र शिकतेय, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकतीच सुरू केलीय. प्रोजेक्टसाठी एका हौशी ग्रुपची १२ नाटकं घेतलीत, कोणी कोणाबरोबर काम केलं ते मांडायचंय. प्रत्येक नाटकाचा ट्री (वरून खाली फांद्या फुटत जाणारी रचना) केला, वर दिग्दर्शक, खाली नट, नेपथ्य, प्रकाशयोजना. पहिली दोन छान बसली, पण तिसऱ्यात तोच प्रकाशयोजनाकार परत आला म्हणून त्याची कॉपी केली, आणि कपडेपट बघणाऱ्या ताई नेपथ्यवाल्यांनाही मदत करतात नि नटांनाही, मग त्यांना नक्की कोणाखाली टाकू?

उत्तर १:
ट्रीमध्ये प्रत्येक नोडला (म्हणजे एकेका नोंदीला) वर एकच पेरेंट असतो, त्यामुळे ताई तिथे बसणारच नाहीत. ग्राफ घ्या, त्यात एक नोड कितीही नोडना जोडता येतो. नोड दोन प्रकारचे, नाटक आणि माणूस, एज (जोडणारी रेघ) फक्त या दोघांमध्ये. पायथनची साधी डिक्शनरी (जोड्यांची यादी) पुरते, जोडीतली ‘की’ (key) म्हणजे माणूस आणि व्हॅल्यू म्हणजे त्याच्या नाटकांचा सेट, म्हणजे संच. माणूस-माणूस मॅट्रिक्स (आडवीही माणसं, उभीही माणसं असा तक्ता) नको, २०० माणसांची ४०,००० घरं होतात आणि बहुतेकांत शून्यच असतं.

उत्तर २:
ट्रीच का सुचला तेही बघा ना. कला एकाच्या डोक्यातून निघते आणि बाकीचे हाताखालचे, ही समजूत त्यात आधीच शिरलीय. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९८२ च्या पुस्तकात नेमकं याच्या उलट मांडलं, की कलाकृती म्हणजे सहकार्याचं जाळं. सुरुवातच ते ट्रोलप या कादंबरीकारापासून करतात, तो पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा आणि त्याला वेळेवर उठवणाऱ्या नोकराला वर्षाला ५ पौंड जादा द्यायचा. तो उठवणारा माणूस तुमच्या ट्रीत कुठे असता? बहुतेक नसताच.

उत्तर ३:
एक राहिलं, सेटमध्ये क्रम टिकत नाही. श्रेयनामावलीत कोणाचं नाव आधी, कोणाचं शेवटी, यावरून तर भांडणं होतात, म्हणजे तो क्रम हाच तुमचा डेटा. नाटकागणिक श्रेयनामावलीची लिस्ट वेगळी ठेवा.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार, रात्री बसून परत भरलं. नोंदी श्रेयनामावलीवरून न घेता तालमीच्या वहीवरून घेतल्या, तर कपडेपटाच्या ताई १२ पैकी ११ नाटकांत निघाल्या, एकही दिग्दर्शक ५ च्या वर नाही. मग श्रेयनामावलीच्या लिस्टमध्ये त्यांचं नाव शोधलं, दोनदाच सापडलं, दोन्ही वेळा शेवटून दुसरं. आता उरलेल्या ९ नाटकांबद्दल त्यांनाच जाऊन विचारणार आहे.