वंश, लिंग आणि वर्ग यांचा एकत्र विचार कशासाठी?

पारिजातक: अमेरिकेतील विषमतेविषयी वाचताना एक शंका सतत येते. वंशभेदाला कायद्याने मनाई आहे, नोकरीतील लिंगभेदालाही आहे, गरिबांसाठी वेगळ्या योजना आहेत. मग कृष्णवर्णीय कामगार स्त्रीचा प्रश्न निराळा मांडून नेमके काय हाती लागते? या साऱ्या अन्यायांची बेरीज पुरेशी नाही का?

वाटसरू: बेरीज पुरली असती, तर १९७६ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीविरुद्धचा भेदभावाचा दावा पाच कृष्णवर्णीय स्त्रिया हरल्या नसत्या. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते. त्यामुळे मंदीत ‘शेवटी आला तो आधी गेला’ या ज्येष्ठतेच्या नियमाने कपात झाली, तेव्हा १९७० नंतर लागलेल्या त्या सगळ्याजणींची नोकरी गेली. न्यायालयाचे म्हणणे असे की, स्त्रिया पूर्वीपासून कामावर होत्या, म्हणजे लिंगभेद नाही. वंशभेदाचा दुसरा दावा चालू आहे, त्यात सामील व्हावे. त्या पूर्वीच्या स्त्रिया गोऱ्या होत्या, हे हिशेबात धरलेच गेले नाही. अमेरिकेतील कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये आंतरछेदितेची, म्हणजे वंश, लिंग, वर्ग असे भेद एकमेकांत गुंतून निराळाच अन्याय घडवतात ही, संकल्पना मांडताना हाच खटला पुढे ठेवला.

बांधावरून: आपल्याकडे वंशाच्या जागी जात येते, पण दोन्ही तंतोतंत जुळतील असे मात्र नाही. बीडकडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, बहुधा नवरा घेतो, फेडतात दोघे. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि पाळीच्या दुखण्याने ती एक दिवस कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीत, थांबली तर खाडा पडतो. मजुरीच्या वहीत तिचे वेगळे नावच नसेल, तर समान वेतन तिने कोणत्या आकड्यावर बोट ठेवून मागावे?

शाईदौत: हे आधी कोणाला दिसलेच नव्हते, असेही समजू नये. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात, आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसल्याने थंडीपावसात त्यांचे किती हाल होतात, हे मांडले आहे. त्यातून जात, दारिद्र्य आणि बाईपण वेगवेगळे काढून दाखवावे.

पारिजातक: बेरजेचा आग्रह सोडला. मुकादमाच्या वहीत दोन नावे लिहिणे सक्तीचे केले, तरी उचल कोणाच्या हाती पडेल, ही शंका मात्र उरतेच.