मदत हवी आहे: जीपच्या मेन बेअरिंग कॅपला बोल्ट कोणते टाकू? (अर्जंट)

उदगीरची_जीप
क्रँक लातूरहून ग्राइंड करून आली, बेअरिंगचा सेट आला, आणि सगळं अडलं बोल्टापायी. मेस्त्री म्हणतो मेन कॅपचे (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या टोप्यांचे) दोन बोल्ट गेलेत. स्पेअरवाला जे देतो त्यावर कसलाच छाप नाही. नट-बोल्टच्या दुकानात १२.९ चे (हा डोक्यावरचा ताकदीचा आकडा, जास्त तेवढा कडक) ॲलन बोल्ट आहेत, डोक्यात षटकोनी खाच असलेले. नेटवर स्टड (बिनडोक्याचे, दोन्ही टोकांना आटे असलेले) दिसायलेत, पण भाव बघून घाम फुटला. यातलं काय टाकू तेवढं सांगा. माळेगावच्या जत्रेआधी जीप उभी करायची आहे. फालतू प्रश्न नकोत.

वाळूजचा_फिटर
जीप तर आत्ताही उभीच आहे, चालू करायची म्हणा :)
फालतू प्रश्न विचारतोच. इंजिन कोणतं? आणि बोल्ट "गेले" म्हणजे आटे गेले, ताणले, का डोकं गोल झालं?

उदगीरची_जीप
जीपचंच इंजिन. डिझेल.

वाळूजचा_फिटर
"जीपचंच" म्हणजे काय राव! जुन्या पेट्रोल जीपला विलीजचं इंजिन, त्याला इंची आटे. महिंद्राच्या एमएम ५४० जीपला प्यूजोचं २११२ सीसी डिझेल, त्याला मेट्रिक. आणि आपल्याकडं निम्म्या जीपांच्या पोटात भलत्याच गाडीचं इंजिन असतं.

उदगीरची_जीप
५४० च आहे. वडिलांनी घेतलेली, इंजिन तेच. आता सांगा.

गोदाकाठ
डोळे झाकून स्टड टाका. मी जिप्सीचं इंजिन बांधलं तेव्हा स्टडच टाकले होते. बोल्ट आवळताना तो पिळलाही जातो आणि ताणलाही जातो. स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसवायचा आणि वरून नट आवळायचा, म्हणजे तो सरळ ताणला जातो. परत कधी इंजिन खोललं तरी ब्लॉकचे आटे झिजत नाहीत. पैसे एकदाच जातात.

रिटायर_फोरमन
स्टडचं म्हणणं चूक नाही, पण अर्धंच सांगितलंत. कॅपवरचा दाब बदलला की मेन बोअरचा (ब्लॉक आणि कॅप मिळून क्रँकसाठी होणाऱ्या भोकाचा) गोलपणाही बदलतो. स्टड टाकल्यावर कॅप आवळून बोअर मोजावा लागतो आणि फरक निघाला तर लाइन होनिंग (सगळे बोअर एका रेषेत घासून गोल करणं) आलं. तो खर्च कोण सांगणार? चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, स्टडवाचून एकही गाडी अडली नाही. ही तर लग्नाला-बाजाराला जायची जीप.

गोदाकाठ
काका, एसटीचा जमाना वेगळा होता.

रिटायर_फोरमन
लोखंड तेच आहे.

परभणी_पॉवर
१२.९ टाका आणि मोकळे व्हा. सगळ्यात कडक तोच.

वाळूजचा_फिटर
कडक म्हणून चांगला, हे कुठून आलं? टॉर्क पान्यावर (आवळायचा जोर मोजणाऱ्या) आकडा तोच ठेवला तर ८.८ काय आणि १२.९ काय, कॅपवर दाब जवळपास सारखाच येतो. कडक आहे म्हणून जास्त आवळाल तर बोल्टाला काही होणार नाही, ब्लॉकचे आटे निघून येतील. ॲलनचं डोकंही लहान असतं, कॅपमध्ये रुततं. वर चकचकीत झिंक चढवलेला १२.९ असेल तर मी हातही लावत नाही. प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि आवळून ठेवलेला बोल्ट दोन दिवसांनी आपोआप तडकतो.

जालना_सळई
आमच्याकडं या, रोलिंग मिलमधून सळई घ्या, लेथवर बोल्ट करून देतो 😄

रिटायर_फोरमन
हसण्यावारी नेऊ नका, असले बोल्ट मी इंजिनातून काढलेत.
उदगीरकर, जुन्या बोल्टांच्या डोक्यावर काय छाप आहे? चांगला बोल्ट आणि गेलेला बोल्ट शेजारी उभे करून लांबी बघा. मधे कुठं कंबर बारीक झाली आहे का, तेही बघा.

उदगीरची_जीप
एवढं कुठं बघत बसू? बरं, बघतो.

देवणी_प्रेमी
माळेगावला जीप कशाला पाहिजे? खंडोबाच्या जत्रेला बैलजोडीने जायची मजा वेगळी. जीप विका, देवणीची जोडी घ्या.

कंधारी_बाणा
देवणी का म्हणून? लालकंधारी घ्या, जत्रा आमच्या बाजूची आहे.

उदगीरची_जीप
बोल्टाचं बोला हो.
मोजलं. दोघांच्या डोक्यावर ८.८ आहे, बाकीच्या सगळ्यांवर १०.९. ते दोन पाऊण मिमी लांब भरतात आणि आटे सुरू होतात तिथं बोटाला खोलगट लागतात. आधी कुणीतरी बदललेले दिसतात. आणि हां, १२.९ चा एक आणून लावून बघितला. चार आटे हाताने जातो, पुढं पाना लावावा लागतो. मेस्त्री म्हणतो नवा आहे म्हणून घट्ट आहे.

वाळूजचा_फिटर
थांबा! पाना खाली ठेवा!! हे आधी सांगायचं ना. जाडी तीच आहे, आट्यांचं अंतर वेगळं आहे. १२ मिमीत दुकानाचा साधा बोल्ट सहसा १.७५ चा येतो, इंजिनात बहुतेकदा १.२५ किंवा १.५. पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायची पट्टी) लावा. नसेल तर जुना आणि नवा बोल्ट आट्यात आटा घालून उजेडाला धरा, लगेच कळेल.

उदगीरची_जीप
धरला. उजेड दिसतो. जुळत नाहीत 😓

रिटायर_फोरमन
जुना चांगला बोल्ट त्या भोकात हाताने तळापर्यंत जातो का बघा. अडला तर बरोबर पिचचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हाताने फिरवा, नुसता साफ करायला, कापायला नाही. मग भोकातला कीस आणि तेल हवेने उडवून टाका. तळ बंद असलेल्या भोकात तेल साचलं आणि वरून बोल्ट आवळला तर तेलाला जागा नसते, ब्लॉकला तडा जातो.

आता ते ८.८ का ताणले, ते ऐका. १२ मिमीचा बोल्ट धरा आणि ९० न्यूटन मीटर (हा नुसता हिशोबापुरता आकडा, तुमचा मॅन्युअलमधून घ्या). आटे कोरडे असतील तर ओढ येते साधारण पावणेचार टन. त्याच आट्यांना तेल लावलं की तोच पाना पाच टन देतो, कारण ताकदीचा मोठा भाग घासण्यातच जातो. ८.८ चा जाड आट्याचा बोल्ट साडेपाच टनांच्या आसपास कायमचा ताणला जातो, १०.९ आठ टनांपर्यंत तग धरतो. तेलाचा हात आणि मेस्त्रीचा "अजून एक झटका" एकत्र आले की ८.८ संपला.

परभणी_पॉवर
आमचा मेस्त्री टॉर्क पाना वापरतच नाही, हाताला कळतं म्हणतो. गाडी दहा वर्षं चालू आहे.

वाळूजचा_फिटर
त्याच हाताने उदगीरचं इंजिन बांधलं असणार.

गोदाकाठ
तरी सांगतो, स्टड.

वाळूजचा_फिटर
माझं मत: कंपनीचे बोल्ट, तेही पूर्ण सेट. दोन नवे, बाकी जुने असलं काही नको. आणि क्रँकवाल्याला विचारा, मेन बोअर त्याने कॅप आवळून मोजला होता का. मोजला असेल तर ते दोन ताणलेले बोल्ट लावूनच मोजला ना?

उदगीरची_जीप
फोन केला. बोअर मोजलाच नाही म्हणाला, "तुम्ही सांगितलं नव्हतं." उद्या ब्लॉक घेऊन परत लातूर.

बीडचा_बुलेटवाला
इंजिन ऑइल २० डब्ल्यू ४० टाका, आवाज कमी येतो.

उदगीरची_जीप
चार दिवसांनी लिहायलोय. बोल्टचा पूर्ण सेट नांदेडला मिळाला. नवे बोल्ट लावून बोअर मोजून घेतला, गोल निघाला. कॅप नंबराप्रमाणे, बाण पुढं. मधल्या कॅपपासून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले, दर टप्प्याला क्रँक फिरवून बघितली. टॉर्क पाना भाड्याने आणला, मेस्त्री रुसला आहे. सगळं आवळूनही क्रँक हाताने फिरते. चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) गॅसकेटला पेस्ट लावू का नुसतंच बसवू?

गोदाकाठ
पेस्ट.

रिटायर_फोरमन
नुसतंच.