टोनी नामांकनांतून डावलले जाणे : दोष निवडणाऱ्यांचा की नियमांचा?

(चौघांमधील चर्चा; प्रत्येकाच्या म्हणण्यावर त्याचे टोपणनाव दिले आहे.)

तिसरी घंटा

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील नाटकांना दिल्या जाणाऱ्या टोनी पुरस्कारांची नामांकने जाहीर झाली की ब्रॉडवेच्या रसिकांत लगेच हिशेब सुरू होतो, कोणाचे नाव आले आणि कोणाला डावलले, आणि त्यातला सगळा रोष नामांकन समितीच्या वाट्याला जातो. माझ्या मते हा रोष बऱ्याचदा चुकीच्या ठिकाणी व्यक्त होतो. ज्यांना आपण डावललेले म्हणतो त्यांच्यापैकी पुष्कळ जण समितीच्या आवडीनिवडीमुळे नव्हे, तर पुरस्कारांचे गट ज्या पद्धतीने आखले आहेत त्या आखणीमुळे बाहेर राहतात.

२०२४ सालचे ‘स्टिरिओफोनिक’ घ्या. या नाटकाला तेरा नामांकने मिळाली आणि तोवर कोणत्याही गद्य नाटकाला एवढी मिळाली नव्हती. १९७० च्या दशकातील एक बँड ध्वनिमुद्रणगृहात आपला अल्बम घडवतो आहे, एवढेच कथानक. पण रंगमंचावरचे वादन नट स्वतः करतात, आणि एकमेकांच्या बोलण्यात बोलणे मिसळत, मध्येच थांबत, पुन्हा सूर धरत तो प्रयोग पुढे सरकतो. एकूण सात नट आहेत आणि त्यांपैकी पाच जणांना नामांकन मिळाले, तेही सगळ्यांना सहायक भूमिकेच्या गटांत. एकाच गटात या नाटकाचे तीन नट एकमेकांसमोर उभे राहिले आणि विल ब्रिल यांना पुरस्कार मिळाला. सातांपैकी ज्या दोघांना नामांकनच मिळाले नाही त्यांनी काय कमी केले होते? ज्या कामाची खरी किंमत सातही जणांच्या परस्परांशी जुळलेल्या लयीत आहे, त्याचे सात तुकडे करून मोजायला लावले की दोन तुकडे हातातून सुटणारच. समूहाच्या अभिनयासाठी टोनीमध्ये स्वतंत्र गटच नाही, ही खरी अडचण आहे.

विंगेतून

आपले उदाहरण चांगले आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, कारण नियम मत देत नाहीत, माणसे देतात. नियमांत पुरेशी मोकळीक असतानाही समितीने दार बंद केल्याचे उदाहरण २०२० च्या पुरस्कारांत आहे. साथीमुळे नाट्यगृहे मार्चमध्येच बंद झाली, त्यामुळे त्या हंगामात पात्र ठरलेली नवी संगीत नाटके चारच होती. त्यांपैकी ‘जॅगेड लिटल पिल’, ‘मूलाँ रूज!’ आणि ‘टीना’ या तिघांना सर्वोत्तम संगीत नाटकाचे नामांकन मिळाले आणि ‘द लाइटनिंग थीफ’ एकटे बाहेर राहिले. बाहेर राहिलेल्या याच नाटकाचे संगीत नव्याने रचलेले होते. बाकीची तिन्ही प्रामुख्याने आधीच लोकप्रिय असलेल्या गाण्यांवर उभी होती. तरीही मूळ संगीतरचनेच्या गटातली पाचही नामांकने गद्य नाटकांच्या पार्श्वसंगीताला दिली गेली.

संगीत नाटकातील प्रमुख अभिनेत्याच्या गटात तर एरन ट्वेइट यांचे एकच नाव होते. समोर स्पर्धकच नसल्याने, मतदान करणाऱ्यांपैकी किमान साठ टक्के लोकांनी होकार दिला तरच पुरस्कार मिळेल, अशी तरतूद लागू झाली. ट्वेइट उत्तम कलाकार आहेत आणि त्यांच्या पुरस्काराविषयी माझी तक्रार नाही. पण जागा रिकाम्या असताना दुसरे नाव घालायचे नाही, हा निर्णय कोणत्या नियमाने भाग पाडला? तो निव्वळ पसंतीचा निर्णय होता, आणि पसंतीला दोष देण्याचा रसिकांना अधिकार आहे.

मागची रांग

पसंतीला दोष देण्याचा अधिकार अवश्य आहे, परंतु पसंती म्हणजे अन्याय नव्हे. समितीतील प्रत्येकाने हंगामातले सगळे पात्र प्रयोग पाहायचे असतात, आणि इतके पाहिल्यावर एखादे नाटक त्यांना नामांकनाच्या योग्यतेचे वाटले नाही, तर जागा रिकामी आहे म्हणून नाव भरावे अशी अपेक्षा ठेवणे मला पटत नाही. नामांकन ही हजेरी नाही. चारपैकी चारही नाटके आपोआप यादीत येणार असतील तर त्या यादीला निवड कशाला म्हणायचे?

दुसरे असे की डावलले जाण्याचे परिणाम आपण फार वाढवून सांगतो. ‘शिकागो’ या संगीत नाटकाला १९७६ मध्ये अकरा नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही मिळाला नाही, कारण त्याच वर्षी समोर ‘अ कोरस लाइन’ होते आणि त्याने नऊ पुरस्कार नेले. तेच ‘शिकागो’ १९९६ मध्ये पुन्हा रंगमंचावर आले, त्या निर्मितीने पुढच्या वर्षी सहा टोनी मिळवले, आणि ती ब्रॉडवेच्या इतिहासातल्या सर्वाधिक काळ चाललेल्या निर्मितींपैकी एक ठरली. नाटकात दम असेल तर एका हंगामाच्या निकालाने त्याचे भवितव्य ठरत नाही.

विंगेतून

वीस वर्षांनी परत येण्याचे भाग्य लाभलेल्या एका नाटकावरून सगळ्यांचे भवितव्य ठरवणे योग्य नाही. शिवाय ‘शिकागो’ला नामांकने मिळाली होती, आपण बोलतो आहोत ते नामांकनच न मिळालेल्यांविषयी. सर्वोत्तम संगीत नाटकाचे नामांकन मिळाले की सोहळ्याच्या प्रक्षेपणात त्या नाटकातला एखादा प्रसंग सादर होतो, देशभरातले प्रेक्षक तो पाहतात आणि तिकीटविक्रीला जोर येतो. ज्या निर्मात्यांकडे त्या दिवसापर्यंत तग धरण्यापुरतेच पैसे उरलेले असतात ते नामांकनांच्या यादीकडे डोळे लावून बसतात आणि यादीत नाव नसले की काही आठवड्यांतच प्रयोग थांबवण्याची घोषणा होते. त्या घोषणेबरोबर नट, वादक, वेशभूषा सांभाळणारे, पडदा ओढणारे अशा कितीतरी जणांचे काम जाते. म्हणून डावलले जाण्याला मी रसिकांची हळहळ एवढेच मानायला तयार नाही.

तिसरी घंटा

नामांकनाचे आर्थिक परिणाम आपण म्हणता तसे आहेत, हे मान्य. मात्र समिती केवळ चालू आणि पैसेवाल्या नाटकांकडेच पाहते असे कोणी यातून समजू नये. ‘द स्कॉट्सबोरो बॉइज’ हे संगीत नाटक डिसेंबर २०१० मध्ये बंद पडले होते, तरीही पुढच्या वर्षी समितीने त्याला बारा नामांकने दिली. पुरस्कार मात्र एकही मिळाला नाही. नामांकन देणारी समिती लहान असते आणि अंतिम मतदान करणारे काही शेकडा असतात, ज्यांत निर्मात्यांचा आणि दौऱ्यांवरची नाटके आपल्या गावी आणणाऱ्या आयोजकांचा भरणा मोठा असतो. त्यामुळे व्यवहाराचा प्रभाव तपासायचा असेल तर तो आधी या दुसऱ्या टप्प्यात तपासावा.

पडद्यामागे

नियमच माणसांना अदृश्य करतो, हे मी ध्वनिसंयोजनाच्या क्षेत्रातल्या उदाहरणाने सांगतो. टोनीमध्ये ध्वनिसंयोजनाचे गट २००८ मध्ये आले, २०१४ मध्ये ते रद्द करण्याचा निर्णय झाला आणि २०१८ च्या पुरस्कारांपासून ते परत आले. मधल्या तीन सोहळ्यांत ब्रॉडवेवर ध्वनीचे काम निकृष्ट झाले होते काय? त्या काळात ‘हॅमिल्टन’सारखे शब्दांच्या वेगावर उभे असलेले नाटक झाले, ज्यात एकेक अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे हीच अर्धी लढाई होती. त्या नाटकाला सोळा नामांकने मिळाली, जो तेव्हाचा विक्रम होता, आणि त्या सोळांत ध्वनीचे एकही नव्हते, कारण तसा गटच उरलेला नव्हता. समितीतल्या एखाद्याला ते काम कितीही आवडले असते तरी त्याला ते लिहायला जागा नव्हती.

गट रद्द झाला तेव्हा ध्वनीचे मूल्यमापन कसे करायचे हे अनेक मतदारांना कळत नाही, असे कारण चर्चेत आले होते. मला ते आजही अस्वस्थ करते. प्रकाशयोजना कळते असे समजणाऱ्यांपैकी किती जणांना ती खरोखर कळते? चांगला ध्वनी प्रेक्षकाला जाणवत नाही, त्याला फक्त नाटक नीट ऐकू येते, आणि म्हणूनच या कामाची दखल घ्यायला जाणकार नजर लागते. ती नजर नसेल तर मतदारांना शिकवावे, गट पुसून टाकू नये.

मागची रांग

ध्वनीविषयी आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तो निर्णय चुकीचा होता आणि तो फिरवला गेला हे योग्य झाले. पण यावरून प्रत्येक प्रश्नाला नवा गट हेच उत्तर आहे असे होत नाही. ‘बिली एलियट’मध्ये मुख्य भूमिका आळीपाळीने करणाऱ्या तीन मुलांना २००९ मध्ये एकत्रित नामांकन मिळाले आणि पुरस्कारही. २०१३ मध्ये ‘मटिल्डा’तील चार मुलींना मात्र स्पर्धेत न घेता वेगळा विशेष सन्मान देण्यात आला. दोन्हीकडे भूमिका मुख्यच होती, ती वाटून घेण्याची पद्धत तीच होती, निर्णय मात्र दोन झाले. यात कमतरता होती ती सातत्याची.

विंगेतून

या उदाहरणाने माझेच म्हणणे पुढे जाते, कारण दोन्ही वेळा निर्णय माणसांनी केला.

अभिनेत्री ज्युली अँड्रूज यांनी १९९६ मध्ये जे केले तेही या चर्चेत आले पाहिजे. ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ या नाटकाला मिळालेले एकमेव नामांकन त्यांच्या नावे होते, आणि आपल्या सहकाऱ्यांपैकी कोणाचीच दखल घेतली गेली नाही म्हणून त्यांनी ते प्रयोगानंतर रंगमंचावरूनच नाकारले. कोणत्याही नव्या गटाची मागणी त्यांनी केली नाही. सहकाऱ्यांसाठी गट होतेच: दिग्दर्शन, नेपथ्य, वेशभूषा, सहायक भूमिका. ते सगळे उपलब्ध असताना समितीने एकाच नावापाशी थांबायचे ठरवले, आणि अँड्रूज यांनी त्या निवडीला उत्तर दिले. माझ्या दृष्टीने डावलले जाण्याविरुद्ध एखाद्या कलाकाराने घेतलेली ही सर्वांत स्वच्छ भूमिका आहे.

तिसरी घंटा

अँड्रूज यांच्याबद्दल मलाही तितकाच आदर आहे, परंतु त्या घटनेचा माझा अर्थ वेगळा आहे. आपण एकट्या वेगळ्या काढल्या गेलो, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही. एका व्यक्तीला उचलून बाकीच्या मंडळींना अंधारात ठेवण्याची ही रीत व्यक्तिकेंद्री पुरस्कारांच्या मुळातच आहे. ड्रामा डेस्क आणि ओबी हे न्यूयॉर्कमधलेच पुरस्कार समूहाच्या अभिनयाचा गौरव करत आले आहेत आणि त्यामुळे त्यांची प्रतिष्ठा कमी झालेली नाही. टोनीने तेच करावे, एवढी माझी मागणी आहे.

विंगेतून

समूहाचा गट आला तर मला एक भीती वाटते. ‘स्टिरिओफोनिक’सारखे नाटक पुन्हा येईल तेव्हा समिती सातही नटांना त्या गटात बसवून मोकळी होईल आणि व्यक्तिगत गटांतल्या जागा नावाजलेल्या चेहऱ्यांसाठी रिकाम्या ठेवल्या जातील. ज्या पाच जणांना २०२४ मध्ये स्वतःच्या नावावर नामांकन मिळाले त्यांनाही मग ते मिळणार नाही. म्हणून समूहासाठी गट करायचा असेल तर त्यात आलेल्या नटांना व्यक्तिगत गटही खुले राहतील, हे नियमातच लिहिले पाहिजे. त्याबरोबर माझी आणखी एक मागणी आहे. एखाद्या गटात पात्र नावे असूनही जागा रिकाम्या ठेवल्या, तर समितीने त्याचे कारण लेखी जाहीर करावे.

मागची रांग

पहिली अट रास्त आहे. लेखी कारणाला मात्र माझा विरोध आहे. समितीतली माणसे याच रंगभूमीवर वावरतात, ज्यांना त्यांनी नाकारले त्यांच्याबरोबर उद्या तालमीत उभी राहतात, आणि मतदान गुप्त असल्यामुळेच ती मनापासून मत देऊ शकतात. कारणे जाहीर करावी लागली तर पुढच्या वर्षी कोणीही जागा रिकामी ठेवणार नाही आणि कोणाला पटले नसेल तरीही नाव भरले जाईल.

विंगेतून

तसे झाले तर २०२० मध्ये ‘द लाइटनिंग थीफ’च्या नायकाला स्पर्धेत उभे राहता आले असते. ती किंमत मी आनंदाने मान्य करीन.