१८१ लावला की पोलीस दारात?

‘१८१ ला फोन केला की पोलीस दारात आणि अख्ख्या वाड्यात बोभाटा’ ही भीती खोटी नाही, पण अर्धीच. गुजरातेत १८१ म्हणजे अभयम, बायकांसाठीची मदतीची फोनलाइन. फोन मोफत, चोवीस तास, आणि आधी बोलते ती समुपदेशक बाई. गरज पडली तर व्हॅन येते, त्यात समुपदेशक आणि महिला पोलीस असतात. तक्रार नोंदवायची की नुसता सल्ला हवा, हे स्पष्ट सांगावं. जीवावरच बेतलं असेल तर मात्र सरळ ११२.

आमच्या बडोद्यातल्या दांडियाबाजारातल्या एका वहिनींनी पापड वाळत घालायच्या निमित्ताने अगाशीवर जाऊन शेजारणीच्या मोबाइलवरून फोन केला होता, कारण त्यांचा फोन नवरा रोज तपासायचा. आधार कार्ड, पासबुक आणि मुलांचे दाखले त्यांनी आधीच माहेरी पोचते केले होते. हे शहाणपण कुठल्याच जाहिरातीत नसतं!

जीव द्यायचे विचार येत असतील तर नंबर वेगळा: टेली-मानस, १४४१६. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा २०२२ पासून आहे, मराठीतही बोलता येतं. (बडोद्यात जन्म गेला तरी रडू मराठीतच येतं.) आणि ‘प्रयत्न केला होता’ असं कबूल केलं तर गुन्हा होईल, हे डोक्यातून काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली धरतं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवतं.

१४४१६ ची लाइन लागली नाही तर पुन्हा लावा, तोवर घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून ठेवा.