दुकानात बसल्यावर ऐकणं जातं कुठं? (शिबिर करून आलेल्यांनी आणि धंदेवाल्यांनी सांगा)

सुईदोरा
नाशिकला सिडकोत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, मी धरून चौघीजणी, चार मशीन आणि एक ओव्हरलॉक. जूनमध्ये लग्नसराई संपल्यावर इगतपुरीला धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं, म्हणजे ध्यानाचं, शिबिर करून आले. ज्यांनी केलंय त्यांना माहीतच असेल, पहाटे चारला घंटा, फोन जमा, आर्य मौन म्हणजे एकमेकींशी बोलणं बंद, पहिले तीन-साडेतीन दिवस नुसता नाकाशी येणारा जाणारा श्वास बघायचा. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा शेजारच्या खोलीतली बाई तिच्या सासूबद्दल बोलत होती आणि मी तिचा शब्द न शब्द ऐकत होते, मध्ये काही बोलावंसंच वाटेना. असं मी आधी कधी कुणाचं ऐकलंय ते आठवेना मला.

आता रोज सकाळी एक तास बसते, संध्याकाळचा तास निम्म्या वेळा चुकतो. पण शटर वर केलं की अर्ध्या तासात सगळं गेलेलं असतं. एक हात टेपवर, एक फोनवर, तोंडाने कारागिराला ओरडणं चालू आणि समोरची बाई काय सांगतेय त्याला नुसतं हो हो.

लिहायचं कारण सांगते. श्रावणात एक ताई त्यांच्या आईचा खणाचा ब्लाउज घेऊन आल्या, आई गेल्या वर्षी वारली. त्या सांगत होत्या की आतली माया (शिवणीत दुमडलेलं जादा कापड) सोडून मला बसेल इतका सैल करा, बाकी कशाला हात लावू नका. मी ऐकत होते म्हणजे काय, दुसऱ्या एकीला व्हॉट्सअ‍ॅपवर गळ्याची डिझाइन पाठवत होते आणि पावतीवर लिहिलं ‘सैल करणे, बाही नवीन’, कारण बाही विरलेली दिसली आणि माझ्या डोक्याने ते आपलं आपणच ठरवून टाकलं. त्या बाह्यांवर त्यांच्या आईने हाताने कशिदा केलेला होता. न्यायला आल्या, उलगडून बघितलं, बाह्या कुठायत एवढंच विचारलं. मी काय बोलणार. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, 150 रुपये ठेवले आणि गेल्या.

आठ दिवस झोप नीट नाही. फोन बाजूला ठेवा वगैरे मला कळतं, माझा प्रश्न वेगळाय. सकाळी मांडी घालून बसल्यावर जी शांतता असते ती हात चालू असताना आणता येते का, का काम थांबवलं तरच ऐकता येतं? आणि असं प्रत्येकीचं ऐकत बसले तर सणाच्या दिवसांत चौघींचे पगार निघणार कसे?

गिरणीवाला_मिरज
ताई, मी शिबिर बिबिर काही केलेलं नाही, पिठाची गिरणी आहे वडिलांच्या वेळेपासनं. पण तुमचं वाचून एक सांगावंसं वाटलं बघा.

गिरणी चालू असताना मी कुणाशीही बोलत असलो तरी कान दगडावर असतोय. वर धान्य संपत आलं की आवाज बदलतो, दगडाला दगड लागायच्या आत हात तिकडं जातोय. दगडाला टाकी लावायला, म्हणजे टोचून परत खरबरीत करायला झाला की तेही आवाजानं कळतं, पीठ हाताला गरम लागतं, वास बदलतो. तुम्हालाबी असंच असणार, सुई बोथट झाली, बॉबिनमधला दोरा संपत आला, मागच्या मशीनवर कोण टाके सोडतंय हे पाठमोऱ्या बसून तुम्हाला कळत असणार. म्हणजे हात चालू असताना ऐकणं तुम्हाला येतंय की ओ, इतकी वर्षं तेच करताय. फक्त ते मशीनला दिलंय, माणसाला दिलं नाही, कारण मशीनचं ऐकलं नाही तर लगेच दोरा तुटतोय आणि माणसाचं ऐकलं नाही तर त्या वेळी काहीच होत नाही, कळायला वेळ लागतो.

मी एकच करतोय, डबा हातात घेताना देणाऱ्याच्या तोंडाकडं बघतोय आणि तोवर दुसरं काही करत नाही. पाच सेकंद, लई तर दहा. एक आजी कायम ज्वारी आणायच्या, एकदा डबा निम्माच होता. मी विचारलं नाही काही, फक्त बघितलं, तर त्यांनीच सांगितलं की मुलगा वेगळा राहायला गेला. त्या दिवसापासनं त्यांचं दळण मी आधी काढून देतोय, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. ह्यानं गिरणीचं उत्पन्न वाढलं का, नाही. कमी पण झालं नाही.

गल्ल्यावरून
पुण्यात किराणा दुकान, 22 वर्षं. मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

माझ्याकडे संध्याकाळी सहा ते नऊ श्वास घ्यायला वेळ नसतो, लाइन लागलेली असते, साउंडबॉक्स बोलतच असतो, त्यात पोऱ्या विचारतो तूरडाळ कुठली देऊ. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसलो तर मागचे चार जण ऑनलाइन मागवतील आणि परत येणारच नाहीत. आणि एक सांगतो, ऐकणाऱ्या माणसाकडे लोक सगळंच आणून टाकतात. मी पूर्वी ऐकायचो, त्यातनं उधारी इतकी वाढली की एका दिवाळीला होलसेलवाल्याचे पैसे द्यायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. तेव्हापासून वहीत ज्याचं 2000 च्या वर गेलं त्याला आधी मागचं द्या म्हणतो, कितीही दुःखाची गोष्ट असली तरी. तुमच्या चौघींचे पगार ही पण साधनाच आहे ना, ते सात तारखेला हातात पडले पाहिजेत.

हां, पण एक मान्य, ऐकलं की गिऱ्हाईक टिकतं. त्या हिशोबाने थोडं ऐकावं.

इगतपुरीचा_जुना_साधक
गल्ल्यावरून दादा, तुमचं उधारीचं पटलं, शेवटचं वाक्य नाही पटलं.

ही शिबिरं ज्यांनी सुरू केली ते गोयंका गुरुजी स्वतः ब्रह्मदेशातले व्यापारी होते. मायग्रेनने हैराण होते म्हणून तिथले विपश्यना शिकवणारे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर सयाजींनी आधी नकोच म्हणून सांगितलं, डोकेदुखी घालवायला येणार असशील तर ही ती जागा नाही. मन स्वच्छ करायला यायचं असेल तर ये, डोकेदुखी त्यात गेली तर गेली. पुढे 1955 मध्ये गुरुजींनी त्यांच्याकडे पहिलं शिबिर केलं. मला ही गोष्ट दुकानासाठी फार महत्त्वाची वाटते. गिऱ्हाईक टिकावं म्हणून ऐकायला बसलो की आपण ऐकतच नाही, ती बाई परत येईल का याचाच हिशोब मनात चालू असतो, आणि समोरच्याला ते कळतं.

आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऊ बा खिन यांच्या आयुष्यातच आहे थोडंसं. ते कुठल्या विहारात राहणारे भिक्षू नव्हते, 1948 ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते तिथले अकाउंटंट जनरल झाले, म्हणजे अख्ख्या देशाच्या हिशोबाचं काम. ऑफिसमध्येच साधनेची सोय केली, स्टाफला शिकवलं. फायली काही कमी नव्हत्या त्यांच्यापुढे.

मी स्वतः एसटीडी बूथ चालवायचो, आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. माझा अनुभव, श्वास दिवसभर धरून ठेवायला गेलं की चिडचिडच वाढते. त्यापेक्षा मी पायाचे तळवे जमिनीला टेकलेत एवढं मधूनमधून बघतो. फॉर्म भरायला आलेली मुलं घाबरलेली असतात, शेवटची तारीख असते, सर्व्हर डाऊन असतो, आणि मी पण तापलो तर चुकीची जन्मतारीख पडते. संध्याकाळचा तास मात्र सोडू नका, तो दुकानाचा कचरा काढायचा तास आहे.

वारीतला_एक
माउली, तुमच्या बाह्यांचं वाचून मला गोरोबाकाका आठवले. तेरचे गोरा कुंभार, माती तुडवताना नामात इतके रंगले की रांगत आलेलं स्वतःचं लेकरू पायाखाली आलं ते कळलं नाही. कीर्तनात ही कथा भक्तीची परिसीमा म्हणून सांगतात, पुढे पांडुरंग ते मूल परत देतो, सगळं खरं. पण मी लहान असताना माझी आजी कीर्तनातून उठून आली की म्हणायची, देवाने दिलं म्हणून बरं, पण त्या आईचं तेवढा वेळ काय झालं असेल. ते माझ्या मनात राहिलं. चित्त देवाजवळ आणि पाय कशावर पडतायत ते माहीत नाही, असं आपल्यासारख्या संसारी माणसाला परवडत नाही.

सावता महाराज अरणला मळ्यातच राहिले, पंढरीला गेले नाहीत असं आमच्याकडे सांगतात, मोट, पाट, भाजी यातच त्यांना विठ्ठल होता. मला वाटतं तुम्ही सकाळची शांतता दुकानात न्यायला बघताय, ती तशीच्या तशी जाणार नाही. दुकानात जे आहे, ती बाई, तो खण, तो विरलेला कशिदा, तिथेच थांबायचंय. मी रसवंती चालवतो, उन्हाळ्यात हात घाण्यात जायची भीती असते त्यामुळे तिथं चित्त आपोआप असतं, पण गिऱ्हाइकाने बर्फ नको म्हटलेलं अजूनही चार वेळा विसरतो. चालूच आहे.

वसईची_बेकरी
आम्ही वसईचे ख्रिस्ती, घरची छोटी बेकरी. आमच्याकडे संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली एक पद्धत आहे, दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, थांबून मागचे तास आठवायचे. आधी जे मिळालं त्याचे आभार, मग कुठे कुठे आपण हजर होतो आणि कुठे नव्हतो ते देवासमोर एकेक करून बघायचं, मग उरलेल्या दिवसासाठी बळ मागायचं. शिक्षा करून घ्यायची नाही, फक्त बघायचं.

आम्ही दुपारी दोनला भट्टीचं दार लावलं की दहा मिनिटं तशाच बसतो, मी आणि माझी जाऊ. सकाळची गिऱ्हाइकं एकेक करून डोळ्यापुढे आणते. बरेचदा तेव्हाच कळतं की अमक्याने काहीतरी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. मग फोन करते. केकवरचं नाव चुकायचं ते यानेच थांबलं, कारण संध्याकाळी डिलिव्हरी असते आणि दुपारी चूक सापडते. तुम्हीही दुपारच्या डब्याच्या वेळी पावतीबुक घेऊन बसून बघा ना ताई, कात्री लावायच्या आधी.

आणि त्या ताईंकडे गेलात का तुम्ही?

सुईदोरा
नव्हते गेले. तुमची ही शेवटची ओळ वाचून दोन दिवस तशीच होते, मग कातरणाच्या पोत्यात शोधायला बसले. दोन्ही बाह्या सापडल्या, एक दुमडलेली होती आणि एकीचा कोपरा फाटला होता. इस्त्री करून घेऊन गेले. मनात तयारी केली होती, काय काय बोलायचं, नवीन ब्लाउज फुकट शिवून देते वगैरे. दारात गेल्यावर गिरणीवाले दादा म्हणतात तसं फक्त तोंडाकडे बघितलं आणि बाह्या हातात दिल्या. त्यांनी बसायला सांगितलं. पाऊण तास त्या आईबद्दल बोलल्या, मी चहा पण थंड केला. नवीन ब्लाउजचा विषय काढलाच नाही मी, त्यांनी पण नाही. निघताना म्हणाल्या, याच बाह्या परत लावता येतील का, विरलेल्या असल्या तरी चालतील. आतून मऊ मलमलचं अस्तर देऊन लावते म्हटलं, मुंढ्यात थोडी माया उरलीय. हे काम मी स्वतः करणार आहे, सकाळी बाकीच्या यायच्या आत.

गल्ल्यावरून दादा, तुमचं पगाराचं मनाला लागलं. हिशोब घातला तर सणाच्या ऑर्डरी मी दरवर्षी चौघींना झेपतील त्याच्या दीडपट घेते, मग ऐकायला वेळ कुठून असणार. यंदा बुकिंग नवरात्राच्या आधीच बंद करणार, दोघी-तिघी नाराज होतील.

दुपारी पावतीबुक घेऊन बसणं सोमवारपासून सुरू केलं. पहिल्याच दिवशी कळलं ते गिऱ्हाइकाबद्दल नव्हतं. आमच्या काकी, सगळ्यात जुन्या, हल्ली हुक लावायला फार वेळ घेतात म्हणून मी सारखी बोलायचे त्यांना. मी शांत बसलेले तेव्हा दिसलं, सुईत दोरा ओवायला पाच-सहा वेळा प्रयत्न करत होत्या आणि मी बघतेय कळल्यावर सुई खाली ठेवली. नजर कमी झालीय आणि काम जाईल म्हणून सांगितलं नाही. उद्या त्यांना चष्म्याच्या नंबरसाठी घेऊन जातेय, दुकान अकराऐवजी बाराला उघडेल.