दोन भाऊ, एक डाळ मिल: प्रोप्रायटर राहावं की फर्म करावी?

लातूरकर: तूरडाळीची छोटी मिल आहे आमची. दोघं भाऊ राबतो, पण लायसन, बँकखातं सगळं मोठ्याच्या नावावर. उलाढाल १ कोटी ६० लाख, नफा साधारण ११ लाख. आजवर डाळ ५० किलोच्या कट्ट्यातच विकली, त्यामुळे जीएसटीचा संबंध नव्हता. आता १ किलोचं छापील पाकीट काढायचंय. २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला ५ टक्के, म्हणजे नोंदणी आली. ती प्रोप्रायटर म्हणून, म्हणजे एकट्याच्या नावावर घ्यावी, भागीदारी फर्म करावी, की सीए म्हणतात तशी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी?

आकडेमोड (जालना): प्रोप्रायटरच राहा. आयकराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही. फर्मला पहिल्या रुपयापासून ३० टक्के. भागीदारांचा पगार वजा होतो, पण मर्यादेत: नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के, पुढं ६०. म्हणजे ८ लाख ४० हजार पगार, उरलेल्या २ लाख ६० हजारांवर सेससकट ८१,१२० रुपये टॅक्स. कशापायी भरायचे? भावाला पगार द्या, खर्चात धरा, विषय संपला.

हळदवाला (नांदेड): सख्खा भाऊ 'पगारी' झाला, व्वा! आणि गणितही अर्धंच केलंस. भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याज फर्मला खर्चात चालतं. दोघांचं मिळून २० लाख भांडवल धर, टॅक्स ५१,१६८ वर येतो.

माझ्या चुलत्यांचं खत-बियाण्याचं दुकान असंच एकट्याच्या नावावर होतं. ते गेले ऐन जूनमध्ये. पेरणी तोंडावर, दारात गिऱ्हाईक, आणि खातं गोठलेलं. वारसांना जीएसटी नंबर नवा काढावा लागला. २३ वर्षं काउंटरवर उभा असलेला धाकटा भाऊ कागदावर कुठंच नव्हता.

आकडेमोड: त्यासाठी मृत्युपत्र असतं. आणि दोघांच्याच फर्ममधला एक गेला तर फर्मही संपतेच की.

हळदवाला: संपू दे, पण त्याचा हिस्सा करारात लिहिलेला असतो. मृत्युपत्र काय, एका रात्रीत बदलतं.

बीडकर: जोखमीचं कुणीच बोलेना. फर्मचं देणं थकलं तर दोघांचं घर-शेत त्यात. सीए बरोबर सांगतायत, एलएलपी करा.

परभणीचा पाव्हणा: बँक सीसी (धंद्याचं फिरतं कर्ज) देताना दोघांची वैयक्तिक हमी अन् घर लिहून घेतीच. मग लिमिटेड काय उरलं? वर ४० लाखांपुढं उलाढाल गेली की ऑडिट, अन् धंदा असो नसो, दरसाल सरकारदरबारी फॉर्म ८ अन् ११ भरा. आमच्या मेव्हण्यानं एलएलपी काढून नुसती ठेवली. तवा एका फॉर्मला रोज १०० रुपये दंड चढायचा. बंद करताना रडला गडी.

बीडकर: बँकेचं मान्य. पण आडत्याला कोण हमी लिहून देतं? तिथं एलएलपी वाचवते.

परभणीचा पाव्हणा: आडत्याचे पैसे बुडवून दुसऱ्या दिवशी मोंढ्यात सौद्याला उभं राहून दाखव, मग बोलू.

हळदवाला: फर्म केलीत तर नुसत्या स्टॅम्पवर थांबू नका, रजिस्टर करा. बिननोंदणीच्या फर्मला गिऱ्हाइकावर वसुलीचा दावा लावता येत नाही, १९३२ चा कायदाच तसा आहे. आणि एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात पगार-व्याज मिळून २० हजारांवर दिले की १० टक्के टीडीएस कापावा लागतो. रिटर्न भरून परत मिळतो, पण कापावा लागतो.

आकडेमोड: बघा, कटकट वाढतच चालली. लातूरकर, एक सांगा. तुम्ही मोठे की धाकटे?

लातूरकर: धाकटा.

आकडेमोड: मग हा प्रश्न आधी दादांना विचारायचा ना! टॅक्सचं माझं गणित बदलत नाही. पण अर्ज भरायच्या आत बोला. जीएसटी नंबर पॅनवर निघतो. त्यांच्या पॅनवर काढून नंतर फर्म केलीत तर फर्मचा पॅन वेगळा, नंबर वेगळा, आणि छापलेली पाकिटं रद्दीत.