लाथ नेमकी बसली आणि सुवर्ण गेलं: निर्णय बरोबर होता का?

उकेमी:
2021 साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमधल्या कराटेच्या एका निकालावरून आमच्या क्लासमध्ये अजून वाद होतात, म्हणून इथे मांडतोय. पुरुषांच्या 75 किलोवरील गटाची अंतिम लढत. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी 4-1 असा पुढे होता. त्याची उंच लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर अशी बसली की तो जागीच आडवा झाला, स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. पंचांनी आपसात बोलून हमेदीला जास्त जोर लावल्याबद्दल बाद केलं. सुवर्ण गंजजादेहला, रौप्य हमेदीला. आपण जिंकलो हे गंजजादेहला शुद्धीवर आल्यावर कळलं.

माझ्या मते निर्णय बरोबर होता, आणि तो केवळ नियमात बसतो म्हणून नाही. या प्रकारच्या कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, डोक्यावरचा वार आवरलेला असावा लागतो. लोक याला ‘खोटं खोटं मारणं’ म्हणतात. पूर्ण वेगातली लाथ कानाजवळ आणून थांबवायचा प्रयत्न ज्यांनी केलाय त्यांना विचारा. टेकलेल्या पायाची टाच समोर वळलेली हवी, कंबर पूर्ण फिरलेली हवी, पाय गुडघ्यातून सुटून त्याच वाटेने मागे यायला हवा. यातलं एक जरी राहिलं तरी पाय थांबत नाही, उलट पायामागे माणूस ओढला जातो. आणि अशी लाथ हुकली की तो पाठमोरा उभा असतो. जोरात मारणं बहुतेकांना लवकर जमतं. आवरणं कित्येकांना ब्लॅक बेल्टनंतरही जमत नाही.

चारित्र्य घडवतो असं प्रत्येक क्लास सांगतो. ते घडत असेल तर इथेच घडतं: समोरच्याला इजा करणं पूर्णपणे हातात असताना आपण काय करतो, तिथे. रांगेत उभं राहून शपथ म्हटल्याने नाही. तुम्हाला काय वाटतं?

दणका:
साफ असहमत. हजारो वेळा जे केलं तेच दडपणाखाली हातून होतं. वार दोन बोटं अलीकडे थांबवायची सवय लावलीत, तर खरी वेळ आल्यावरही तो तिथेच थांबेल. 1993 साली डेन्व्हरला यूएफसीची, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांचे लोक एकमेकांशी लढतात तिची, पहिली स्पर्धा झाली. वजनगट नव्हते, ठोसे-लाथांचे नावाजलेले लोक होते, आणि जिंकला पकडींचा खेळाडू रॉयस ग्रेसी. अंगाने काही दांडगा नव्हता. पण त्याचा सगळा सराव सुटायची धडपड करणाऱ्या, उलट जोर लावणाऱ्या माणसावर झालेला होता.

संस्कारांचं म्हणाल तर मला या क्षेत्रात एकच मूल्य खरं वाटतं: प्रामाणिकपणा. आपलं तंत्र चालतं की नाही हे स्वतःला न फसवता तपासणं. ज्याला लाथ चुकवता आली नाही त्याला सुवर्ण आणि ज्याची लागली त्याला रौप्य, हे मला कधीच पटणार नाही.

तळहात:
दणका, ग्रेसीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ग्रॅपलिंगमध्ये, म्हणजे धरपकडीच्या लढतीत, पूर्ण जोर लावता येतो, कारण तिथे टॅप आहे, म्हणजे हार मानल्याची थाप. आणि टॅपला अर्थ आहे तो समोरचा सोडतो म्हणून.

मी बहुतेक वेळा माझ्याहून बऱ्याच जड पुरुषांबरोबर सराव करते. आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलट ताणणाऱ्या पकडीत, काय होतं बघा. माझा दंड त्याच्या मांड्यांमध्ये अडकलेला, मनगट त्याच्या छातीशी, अंगठा वर. त्या क्षणी त्याने कंबर झटक्यात उचलली तर मला टॅप करायलाही वेळ मिळत नाही, कोपर जातं. चांगला जोडीदार आधी गुडघे आवळतो, माझी सुटायची वाट बंद करतो, आणि मग कंबर सावकाश वर नेतो. मी दोनदा थोपटलं की सगळं सैल. झटका देणाऱ्याची पकड बहुधा ढिली असते, म्हणूनच त्याला घाई असते. उकेमी म्हणतात ते इथे तंतोतंत लागू पडतं.

हील हूकमध्ये, म्हणजे टाच धरून पाय पिळायच्या पकडीत, तर गुडघ्याचं लिगामेंट दुखायला लागायच्या आधीच जाऊ शकतं. तिथे टॅपवरही भरवसा ठेवता येत नाही, जोडीदाराच्या संयमावरच ठेवावा लागतो. मी अजून मॅटवर आहे ती अशा संयमी लोकांमुळे.

दणका:
टॅपचा मुद्दा मान्य, तळहात. पण तुमच्याकडे आवरायचं असतं ते फक्त शेवटी. तिथवरची पकड, धडपड, सुटका सगळं खरं असतं. कराटेत मुख्य गोष्ट, म्हणजे वार, तोच आवरायचा. फरक आहे.

उकेमी:
फरक आहेच. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी 1882 साली कोदोकान ही आपली शाळा काढली, तेव्हा त्यांना हाच प्रश्न सोडवायचा होता. जुन्या जुजुत्सूतले ठोसे-लाथा त्यांनी रांदोरीतून (मोकळ्या सराव-लढतीतून) काढून कातापुरते (ठरलेल्या हालचालींच्या सरावापुरते) ठेवले, सांध्यांवरचे धोकादायक लॉकही टप्प्याटप्प्याने रांदोरीबाहेर गेले. उरलं ते पूर्ण जोर लावून रोज करता येईल असं. संयम माणसाच्या मर्जीवर न सोडता त्यांनी तो नियमातच घालून ठेवला. फार मोठं काम आहे ते. पण ठोसे-लाथांच्या कलेतून डोकं कसं काढणार? तिथे संयम माणसालाच शिकावा लागतो.

शेवटचा बाक:
तुम्ही सगळेच एक गोष्ट गृहीत धरताय, की नियंत्रण आलं की चांगुलपणाही येतो. मला तसं दिसलेलं नाही.

त्याच पहिल्या यूएफसीच्या अंतिम लढतीत जेरार्ड गोर्डोने ग्रेसीच्या कानाला चावा घेतला. चावायला बंदी होती. मग ग्रेसीने गळा आवळणारा चोक लावला, गोर्डोने टॅप केलं, तरी ग्रेसीने लगेच सोडलं नाही. सोडता येत नव्हतं का? सोडायचं नव्हतं. उलट 1984 साली लॉस एंजेलिसला ज्युदोच्या खुल्या गटाच्या अंतिम लढतीत जपानचा यामाशिता उजव्या पोटरीला दुखापत झालेली असताना उतरला. समोर इजिप्तचा मोहम्मद रशवान. त्या पायाचा फायदा उठवायला गेलो नाही असं त्याने सांगितलं, रौप्यावर समाधान मानलं आणि पुढे त्याला फेअर प्लेचा पुरस्कार मिळाला. तंत्र ग्रेसी आणि रशवान दोघांकडेही होतं. फरक पडला तो दुसऱ्याच कशामुळे.

आणि याहून काळजीचं सांगतो. शिस्त आणि आदराच्या नावाखाली या क्षेत्रात बरंच काही खपवलं जातं. मी पाहिलेल्या एका क्लासमध्ये सर प्रात्यक्षिकासाठी ज्युनियर मुलांना पुढे बोलवायचे आणि मुद्दाम जोरात मारायचे. त्यांचा हात किती नेमका होता म्हणून सांगू! हवं तिथे, हवं तेवढंच लागायचं. मुलं ‘ओस’ (होकाराचा, आदराचा शब्द) म्हणून वाकायची आणि रांगेत परत जायची. पालक कडेला बसून बघायचे. सहन करणं हाच तिथला संस्कार होता. तेव्हापासून कुणी ‘आम्ही मूल्यं शिकवतो’ म्हणालं की मी आधी बघतो, तिथे शिकणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येतं का.

कवटी:
दणकांना एक विचारायचंय. पूर्ण जोराच्या स्पारिंगला, म्हणजे सराव-लढतीला, तुम्ही प्रामाणिकपणा म्हणता, पण त्याची किंमत मेंदू मोजतो. 1928 साली हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी ‘पंच ड्रंक’ बॉक्सरांवर लेख लिहिला, तेव्हापासून हे वैद्यकाला माहीत आहे. हातमोजे मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचवतात. हेडगार्डने चेहरा कमी फाटतो, पण कवटीत मेंदू हलायचा तो हलतोच. 2016 च्या ऑलिंपिकपासून पुरुष बॉक्सिंगमधून हेडगार्ड काढलेच आहेत. रोजच्या सरावात डोक्याला मार खाऊन माणूस कणखर होत नाही, त्याची फक्त झीज होते.

दणका:
कवटी, रोज पूर्ण जोर लावा असं मी म्हटलेलं नाही. आमच्याकडेही डोक्यावर हलकंच मारतात, जोर पोटाला आणि मांडीला.

पण माझ्या मूळ प्रश्नाला कुणीच हात घातला नाही. कराटेच्या क्योकुशिन प्रकारात चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, डोक्यावर लाथ चालते, आणि माणूस पडून उठला नाही तर मारणारा जिंकतो. तीच लाथ हमेदीने तिथे मारली असती तर तो विजेता झाला असता. म्हणजे एका नियमात तो संयमी नाही आणि दुसऱ्यात उत्तम? तुमचं मूल्य नियमपुस्तकाप्रमाणे बदलतं का?

उकेमी:
बदलतं, आणि बदलायलाच हवं. समोरच्याने कशाला होकार दिलाय हे नियम सांगतात. क्योकुशिनला उतरणारा ती लाथ खायच्या तयारीने उतरतो. टोकियोत गंजजादेह उतरला तो डोक्यावरचा वार आवरला जाईल हे धरून. हाच फरक आहे, आणि माझ्या लेखी तो फार मोठा आहे. हमेदी वाईट माणूस आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. अंतिम फेरीत ती लाथ आवरणं किती अवघड असेल याची मला कल्पना आहे. म्हणून तर ती आवरता येण्याला इतकी किंमत.

शेवटचा बाक, तुमचं म्हणणं मात्र डोक्यातून जात नाही. नियंत्रण असलेला माणूस ते छळायलाही वापरू शकतो, हे खरं. फक्त त्या सरांच्या नेमकेपणाला मी कौशल्याचा मान देणार नाही. त्या मुलांनी होकार दिला कुठे होता? माझ्यापुरती क्लासची परीक्षा हीच: कुणी टॅपनंतर उशिरा सोडलं तर सराव थांबतो का, की ‘चालतं रे’ म्हणून पुढे जातात.

तळहात:
मी आणखी एक बघते. नवीन माणसाला पहिल्यांदा स्पारिंगला कुणाबरोबर उभं करतात? दोन नवख्यांना एकमेकांवर सोडलं की कुणाचं तरी काहीतरी मोडतं.

दणका:
आम्ही सगळ्यात जुन्या माणसाबरोबर देतो, शक्यतो वजनदारही. नवखा घाबरून अंदाधुंद जोर लावतो. तो झेलता यायला हवा आणि उलट मारायची इच्छा होता कामा नये.

शेवटचा बाक:
आणि त्या जुन्या माणसानेच मारलं तर नवख्याने कुणाला सांगायचं, हे ठरलेलं आहे का?

दणका:
आहे. पहिल्याच दिवशी दोघांची नावं सांगतात. त्यातली एक बाई आहे, आणि दोघांपैकी कुणीही शिकवत नाही. हमेदीबद्दलचं माझं मत मात्र तेच. ते सुवर्ण त्याचंच होतं.